हातगुण

आमच्या वऱ्हाडात डॉक्टरची पारख करण्याची एक जुनी कसोटी आहे. तो कोठे शिकला, कोणती पदवी घेऊन आला, त्याच्या भिंतीवर किती प्रमाणपत्रे टांगलेली आहेत, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. 'त्याचा हातगुण कसा आहे?' एवढाच प्रश्न विचारला जातो. हातगुण चांगला आहे असे गावाने एकदा ठरविले, की त्या डॉक्टरने दिलेल्या साध्या पाण्यानेही ताप उतरतो. आणि हातगुण नाही असे ठरले, की मुंबईहून सुवर्णपदक घेऊन आलेल्या माणसालाही रिकाम्या बाकांकडे पाहत बसावे लागते. ही पदवी कोणतेही विद्यापीठ देत नाही, आणि एकदा मिळाली की कोणतीही परिषद ती काढून घेऊ शकत नाही.

नांदगाव खंडेश्वरला मी गेली तीस वर्षे दवाखाना चालवितो आहे. गाव तालुक्याचे, पण तोंडवळा खेड्याचाच. खंडेश्वराचे हेमाडपंती देऊळ, आठवड्याचा बाजार, एस. टी.चा थांबा, आणि भोवती नजर पोहोचेल तेथवर सोयाबीन, तूर आणि पऱ्हाटी. माझ्याकडे येणारी माणसे याच मातीतली. थोडाफार हातगुण माझ्याही वाट्याला आला आहे असे ती म्हणतात, आणि ते ऐकायला बरे वाटते हे मी नाकारीत नाही. पण अलीकडे हा शब्द कानावर पडला की मनात एक शंका डोके वर काढते. हातगुण म्हणजे नेमके काय? तो हातात असतो, मनात असतो की डोक्यात? आणि ज्याचा हातगुण चांगला तो चांगला डॉक्टर, हे समीकरण खरे आहे काय?

प्रश्न स्पष्ट व्हावा म्हणून दोन डॉक्टर कल्पनेने समोर उभे करू. पहिला मायाळू. रात्री दोन वाजता दार ठोठावले तरी कपाळाला आठी न घालता उठणारा, गरिबाकडून पैसे न घेणारा, घरातल्या लहानथोरांची नावे ठाऊक असणारा. फक्त कॉलेज सोडल्यापासून त्याने एकही नवे पुस्तक उघडलेले नाही. चाळीस वर्षांपूर्वी जे शिकला, तेच तो आज देतो. दुसरा विद्वान. जगात काल काय छापून आले ते आज त्याला ठाऊक असते. पण त्याची नजर कागदावरून उठून रोग्याच्या तोंडाकडे क्वचितच जाते. सांगा, आपल्या आईला आपण कोणाकडे न्याल?

हा प्रश्न मी अनेकांना विचारून पाहिला आहे. बहुतेक सारे पहिल्याचे नाव घेतात. एखादा व्यवहारी माणूस म्हणतो, 'आजार केवढा आहे त्यावर ठरवू.' त्याच्या म्हणण्यात शहाणपण आहे. पण या साऱ्या उत्तरांच्या मुळाशी एक समजूत आहे. दया एका दुकानात मिळते आणि ज्ञान दुसऱ्या, आणि आपल्याला दोहोंपैकी एकाच दुकानाची पायरी चढता येते, ही ती समजूत. मला ती तपासून पाहावीशी वाटते.

दयेला ज्ञानाची जोड नसली म्हणजे काय होते, याचा एक दाखला वैद्यकाच्या इतिहासात आहे, आणि योगायोगाने तो हाताचाच आहे. व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी बाळंतपण करीत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात 1846 साली शंभरातल्या सुमारे अकरा बाळंतिणी दगावल्या; सुइणींच्या विभागात तीनही नाहीत. शहरातल्या बायका हातापाया पडून सुइणींच्या विभागात जागा मागत. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरच्या 1847 मध्ये ध्यानात आले की, डॉक्टर मंडळी शवविच्छेदन आटोपून तशीच बाळंतिणीकडे येतात आणि मृत्यू त्यांच्या हातांवर बसून येतो. क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम त्याने घातला, आणि काही महिन्यांत मृत्यूचे प्रमाण शंभरात दोनाच्या आसपास आले.

ते डॉक्टर काही कसाई नव्हते. बाळंतीण गेली की त्यांनाही वाईट वाटत असणार. शहरात त्यांचा मान होता. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांचा हातगुण मोठा होता. फक्त त्या हातांवर काय आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. येथवर त्यांना बोल लावता येत नाही, कारण ते जगात कोणालाच ठाऊक नव्हते. बोल लागतो तो यापुढे. आकडे समोर ठेवल्यावरही अनेकांनी ते मानले नाहीत. कारण ते मानणे म्हणजे आजवर आपल्याच हातून काय घडले ते मानणे होते. सेमेलवाइस 1865 साली वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला. हात धुण्याची गोष्ट जगाने मान्य केली ती त्याच्यामागे.

तेव्हा न कळण्याच्या दोन जाती करायला हव्यात. एक, जे कोणालाच कळलेले नाही ते न कळणे. त्याची लाज कोणी बाळगू नये. दुसरी, जे कळलेले आहे, छापलेले आहे, हात लांबविला तर मिळण्याजोगे आहे, ते न घेणे. या दुसऱ्या जातीचे अज्ञान डोक्यात राहत असले तरी त्याचा हिशेब मात्र चारित्र्याच्या खात्यावर मांडावा लागतो.

व्हिएन्ना दूर आहे, म्हणून आमच्या शिवाराकडे येतो. आमच्याकडे साप चावला असे सहसा म्हणत नाहीत. 'पान लागले' म्हणतात. मी शाळेत असताना प्रथमोपचाराच्या धड्यात शिकवीत की, दंशाच्या वर दोरी करकचून बांधा, जखमेला चीर द्या, रक्त वाहू द्या. आज या तिन्ही गोष्टी वर्ज्य आहेत. करकचून बांधल्याने पाय काळा पडतो. घोणसाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्तीच जाते, तेथे वर चीर दिली तर रक्त थांबवायचे कसे? दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा आधार देऊन स्थिर ठेवावा, माणसाला धीर द्यावा, आणि वेळ न दवडता प्रतिविषाचे इंजेक्शन जेथे आहे त्या रुग्णालयात न्यावे, एवढेच आज सांगितले जाते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर ते एकच इंजेक्शन चालते. रक्त बिघडले आहे की नाही हे पाहण्यासाठी महागडे यंत्रही लागत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घ्यावे, वीस मिनिटे न हलविता ठेवावे आणि मग कलते करून पाहावे. गोठले नसेल तर प्रतिविष हवे. सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा भारत सरकारने 2024 मध्ये जाहीर केला आहे. पण माझ्या शाळेतला तो जुना धडा अजून कित्येक घरांत जिवंत आहे. दोरी बांधणारा माणूस प्रेमापोटीच बांधतो. त्याच्या प्रेमाविषयी मला तिळमात्र शंका नाही. पायाविषयी मात्र चिंता वाटते.

आता दुसरी बाजू. ज्ञान म्हणजे कोरडे, पुस्तकी, रोग्यापासून दूर नेणारे, असे मानणाऱ्यांनी डॉ. हिंमतराव बावस्कर यांची हकीकत ध्यानात घ्यावी. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेला हा मराठवाड्याचा माणूस 1976 मध्ये कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. तेथे लाल विंचवाने माणसे मरत. दंश झाल्यावर घामाने अंग भिजे, हातपाय थंडगार पडत, मग धाप लागे, तोंडाला फेस येई आणि धडधाकट शेतकरी काही तासांत जाई. शंभरात तीसांच्या घरात मृत्यू होत. त्यावेळच्या पुस्तकांत या विषयावर चार ओळींपलीकडे काही नव्हते. बावस्करांनी रोग्याच्या खाटेशेजारी बसून, रात्र रात्र जागून, नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद ठेवली. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य भार येतो आणि फुप्फुसात पाणी भरते, हे त्यांच्या ध्यानात आले. आणि रक्तदाबावर वापरली जाणारी प्रॅझोसिन नावाची साधी गोळी त्यांनी योजली. त्यांचा हा अनुभव 1986 मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. मृत्यूचे प्रमाण शंभरात एखाददुसऱ्यावर उतरले. पुढे 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या हकीकतीत दया कोठे संपते आणि ज्ञान कोठे सुरू होते, हे मला कोणी दाखवून द्यावे. खाटेशेजारी बसणे ही दया. पण त्या बसण्यातूनच ज्ञान निपजले. 'देवाची मर्जी' म्हणून ते उठून गेले असते तरी गावाने त्यांना मायाळूच म्हटले असते. पण समोरच्या माणसाच्या मरणाने ज्याला चैन पडत नाही, तो 'याला काय करता येईल?' हे शोधल्यावाचून राहत नाही. आणि शोध लागल्यावर 'हे इतरांनाही कळले पाहिजे' म्हणून लिहिल्यावाचून राहत नाही. त्याच न्यायाने, दुसऱ्याने लिहिलेले वाचणे हाही कनवाळूपणाच होय. ती गोळी छापून आल्यावर, ज्या डॉक्टरने ते वाचले नाही त्याच्या खाटेवरचा रोगी विंचवाने मेला की न वाचल्याने मेला?

माझे एक वयोवृद्ध स्नेही, याच धंद्यातले, हे सारे ऐकून हसतात. ते म्हणतात, 'तुम्ही फार वाचता. अहो, माणूस विश्वासाने बरा होतो. माझ्याकडे आला की अर्धा आजार दारातच राहतो. तुमची नवी औषधे येतात आणि जातात; विश्वास टिकतो.' त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. विश्वासाने वेदना हलकी होते, झोप लागते, औषध नेमाने घेतले जाते. पण त्यांच्याच म्हणण्यातून मला निराळा निष्कर्ष निघताना दिसतो.

आमचा शेतकरी मोठा चोखंदळ ग्राहक आहे. कापूस विकायला किंवा सरकी घ्यायला गेला तर बोंडातली रुई दोन चिमटींत धरून ताणून धागा पाहील. तूर घेताना मूठभर दाणे तळहातावर खेळवील, एक दाताखाली फोडील. बैलाचे दात मोजल्याशिवाय बाजारात सौदा होत नाही. पण हाच माणूस माझ्यासमोर बसतो तेव्हा मी लिहिलेल्या चिठ्ठीचा धागा तो ताणून पाहू शकत नाही. ती त्याला वाचता येत नाही, आणि वाचता आली तरी तपासता येत नाही. तो केवळ माझ्या तोंडाकडे पाहतो आणि कागद खिशात ठेवतो. बाजारात जो कोणावर विश्वास ठेवीत नाही, तो येथे आपला जीव उधारीवर देतो. मग माझे कर्तव्य काय? ज्याला माल तपासता येत नाही त्याच्यासाठी तो विकणाऱ्यानेच तपासला पाहिजे. विश्वास जितका मोठा, तितकी ती जबाबदारी मोठी. माझे स्नेही विश्वासाला औषध समजतात. मला तो कर्जासारखा वाटतो, आणि हे कर्ज फेडण्याचा मार्ग एकच दिसतो. त्या माणसाला जे विचारता येत नाही, ते मी रात्री घरी जाऊन स्वतःला विचारावे.

हे बोलायला सोपे आहे याची मला जाणीव आहे. खेड्यातल्या डॉक्टरवर न्याय करायचा तर त्याचा दिवसही पाहिला पाहिजे. साथीच्या दिवसांत बाकावर जागा नसते, जेवण चार वाजता होते, बदली माणूस नसल्याने दवाखाना बंद ठेवून चर्चासत्राला जाणे म्हणजे चार दिवसांची मिळकत बुडविणे. आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. गाड्या भरधाव जाताना दिसतात, पण त्यावर चढायचे तर ठरलेल्या जागीच जावे लागते. शेताच्या धुऱ्यावरून पाय टाकता येत नाही. नव्या ज्ञानाचेही बरेचसे असेच आहे. ते आमच्या शेजारून जाते. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेने पाच वर्षांत 30 गुण मिळविण्याचा नियम घातला, तो चांगल्याच हेतूने. पण शहरातल्या हॉटेलच्या थंड दालनात जेवणानंतर डुलक्या घेऊनही गुण मिळतात, हे आम्ही सारे जाणतो. औषध कंपनीचा प्रतिनिधी बॅग उघडून बसतो, तोच पुष्कळदा आमचा एकमेव शिक्षक ठरतो. आणि या शिक्षकाला पगार कशासाठी मिळतो हे विसरून चालत नाही. एवढे असूनही आता एक गोष्ट बदलली आहे. जगातली उत्तम मार्गदर्शक पुस्तके खिशातल्या फोनवर फुकट वाचायला मिळतात. रोज अर्धा तास काढणे कठीण आहे. अशक्य आहे असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

कोणी म्हणेल, म्हणजे नवे ते सारे चांगले असेच ना? नव्हे. याचा धडा आमच्या जिल्ह्याने फार जवळून घेतला आहे. करोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात उसळू लागली ती आमच्याकडून. अमरावतीत 22 फेब्रुवारी 2021 पासून पुन्हा टाळेबंदी आली, तेव्हा उरलेला देश मोकळा श्वास घेत होता. पुढे एप्रिलमध्ये राज्यभर माणसे रेमडेसिव्हिरच्या कुपीसाठी रात्रंदिवस धावत होती, दागिने मोडत होती, काळ्या बाजारात वाटेल ती किंमत मोजत होती. या औषधाने जीव वाचतो याला पुरावा नाही, असे सांगून जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच ते वापरू नये असा सल्ला दिला होता. तो सल्ला 2022 मध्ये काहीसा बदलला हे खरे. पण त्या एप्रिलमध्ये हाताशी असलेले ज्ञान तेच होते. उलट डेक्सामेथासोन हे जुने, काही रुपयांत मिळणारे औषध कृत्रिम श्वासावरच्या रोग्यांतले मृत्यू एक-तृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांतले एक-पंचमांशाने घटविते, हे इंग्लंडातल्या मोठ्या चाचणीने जून 2020 मध्ये दाखविले होते. त्या औषधासाठी कोणी रांग लावली नाही; त्याला किंमत नव्हती म्हणून प्रतिष्ठाही नव्हती.

आणि गोष्ट येथेच संपत नाही. त्याच चाचणीने दुसरे वाक्यही सांगितले होते: ज्यांना प्राणवायू लागत नाही त्यांना या औषधाचा लाभ नाही. कित्येकांनी पहिले वाक्य वाचले आणि दुसरे सोडले. साध्या तापाला, घरच्या घरी, दिवस दिवस स्टेरॉइड दिले गेले. मधुमेह्यांची साखर भडकली, आणि त्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने राज्यात हजारो माणसे गाठली, कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा. त्याला कारणे अनेक होती, पण स्टेरॉइडचा बेसुमार वापर हे त्यांतले एक ठळक कारण होते. तेव्हा शिकणे म्हणजे नव्या औषधाचे नाव पाठ करणे नव्हे. कोणाला द्यावे याच्याइतकेच कोणाला देऊ नये हे कळले, तरच ते शिकणे.

'देऊ नये' हा नव्या वैद्यकाचा फार मोठा भाग आहे, आणि सामान्य वाचकांना तो फारसा ठाऊक नसतो. पुष्कळदा नवे ज्ञान ओझे कमी करते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार चालत. महिनोन्महिने इंजेक्शने टोचावी लागत, आणि त्यांनी काहींचे कान कायमचे जात. आता अशा पुष्कळ रोग्यांना सहा महिन्यांच्या केवळ गोळ्यांनी बरे करता येते; भारतात या उपचाराला सप्टेंबर 2024 मध्ये मान्यता मिळाली. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरी दरमहा तांदूळ, डाळ, दुधाची भुकटी, तेल असा शिधा पोहोचविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्याचा निकाल 2023 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा दिसले की, ज्या घरांतल्या सर्वांना शिधा मिळाला तेथे इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. पोटभर अन्न हे औषध आहे, असे आपल्या आज्या म्हणत आल्या. आता ते मोजून सिद्ध झाले, म्हणून ते नाकारण्याची वाट बंद झाली.

जुलाब-वांत्यांचेही तसेच. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी, 1971 मध्ये, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात कालविला, पिंपांत भरला, आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. मृत्यूचे प्रमाण शंभरात तीसवरून चारच्या खाली आले. त्यानंतर अर्धशतक लोटले. तरीही साध्या जुलाबाने, साध्या अशक्तपणाने, साध्या अंगदुखीने माझ्याकडे आलेला माणूस बाकावर टेकण्याआधी म्हणतो, 'डाक्टरसायेब, गोयी नोका देऊ, मले बाटलीच लावून द्या जी.'

या मागणीवर पूर्वी मला चीड येई. मग मी नीट पाहू लागलो. कापूस वेचणारी, निंदण करणारी बाई पहाटे चारला उठते आणि रात्री सर्वांच्या मागून निजते. दिवसाउजेडी तिला आडवे व्हायला मिळते ते कोठे? दवाखान्याच्या खाटेवर, बाटली लावलेली असते तेव्हा. तासभर कोणी तिला हाक मारीत नाही. नवरा उशाशी बसतो, सासू विचारपूस करते, पोर पंखा हलविते. बाटलीत मीठपाणी असते हे खरे. पण तिच्याबरोबर तासाभराची विश्रांती आणि घरच्यांची काळजी अंगात जाते. तिने मागितले ते औषध चुकीचे होते, पण तिची गरज खोटी नव्हती.

म्हणून 'बाटलीची गरज नाही' एवढे बोलून चिठ्ठी पुढे सरकविणारा डॉक्टर ज्ञानाने बरोबर असतो, पण त्याचे काम अर्धेच झालेले असते. त्याने त्या नवऱ्याला जवळ बसवून सांगितले पाहिजे: हिला मीठ-साखरेचे पाणी घोट घोट द्या, दोन दिवस शेतात धाडू नका, रक्त कमी आहे त्याच्या गोळ्या तीन महिने चुकवू नका. याला दहा मिनिटे लागतात. बाटली लावायला दोन. शिवाय बाटलीचे पैसे मिळतात, बोलण्याचे मिळत नाहीत. आणि नाराज झालेला माणूस पुढच्या खेपेला दुसऱ्या दारी जातो. खरी नैतिक अडचण येथे आहे. योग्य काय ते ठाऊक नसणे ही आजच्या डॉक्टरची मोठी अडचण राहिलेली नाही. ठाऊक असलेले करण्याची किंमत त्याला एकट्याला मोजावी लागते, ही आहे. त्या किमतीतला काही वाटा समाजाने उचलल्याशिवाय नुसत्या उपदेशाने काही होणार नाही.

समाज असा वाटा उचलू शकतो, हे आमच्याच विदर्भात घडले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकविले. बाळाचे वजन कसे करावे, त्याला ऊब कशी द्यावी, जंतुदोषाची लक्षणे कोणती, तो झाला तर औषध कसे द्यावे. ज्या 39 गावांत हे काम झाले तेथे तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटले. तो अहवाल 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 2011 पासून देशभर आशा कार्यकर्त्या या धर्तीवर घरोघरी जाऊन बाळे पाहू लागल्या. जे ज्ञान मोठ्या रुग्णालयात कोंडलेले होते ते थोडे शिकलेल्या बायांच्या हाती आले आणि त्या हातांना गुण आला. त्याचे कारण दैवी देणगी नव्हते. त्यांना नेमके शिकविले गेले होते, आणि ज्यांची बाळे त्यांनी हाती घेतली त्या आयांनी त्यांच्यावर भरवसा टाकला होता. हातगुणाची याहून सरळ फोड मला आजवर सुचलेली नाही.

तेव्हा त्या दोन डॉक्टरांकडे पुन्हा पाहू. मायाळू पण न शिकणारा, आणि विद्वान पण न पाहणारा. दोघांतही एकच उणीव आहे असे मला आता वाटते. समोरचा माणूस दोघांनाही पुरता खरा वाटत नाही. पहिल्याला आपल्या चांगुलपणाचे समाधान पुरते; दुसऱ्याला आपल्या हुशारीचे. समोरचा माणूस ज्याला खरा वाटतो, तो त्याच्या तोंडाकडेही पाहतो आणि त्याच्यासाठी पुस्तकही उघडतो. दोन्ही करताना त्याला आपण दोन वेगळी कामे करतो असे वाटत नाही.

दिवाळीच्या दिवसांत हा अंक घरोघर वाचला जातो. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांच्या हाती तो पडतो. या घरांतल्या थोरांना माझी एक विनंती आहे. डॉक्टरकडे गेल्यावर तीन प्रश्न विचारायला संकोच करू नका: हे औषध कशासाठी? ते घेतले नाही तर काय होईल? आणि याहून साधे काही चालेल का? उद्धटपणे विचारू नका. आपल्या माणसाला विचारावे तसे विचारा. जो डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही तो जपण्याजोगा आहे. आणि त्याने 'औषधाची गरज नाही, दोन दिवस विश्रांती घ्या' असे सांगितले, तर त्याची फी हातावर ठेवून त्याचे आभार माना. बाटली लावली असती तर जे दिले असते, त्याहून आनंदाने द्या. ते पैसे त्याच्या ज्ञानाचे आहेत आणि त्याने न केलेल्या लबाडीचेही.

आमच्याकडे धनत्रयोदशीला डॉक्टर-वैद्य धन्वंतरीची पूजा करतात. दिवाळीत गावची मंडळी ताटावर रुमाल टाकून फराळ घेऊन येतात, ख्यालीखुशाली विचारतात, 'धंदा कसा काय?' म्हणतात. यंदा आपल्या डॉक्टरकडे जाल तेव्हा करंजीबरोबर एवढे जरूर विचारा: 'डॉक्टरसाहेब, या वर्षी नवीन काय शिकलात?' पहिल्या वर्षी तो गडबडेल, काहीतरी बोलून वेळ मारून नेईल. पण पुढच्या दिवाळीला हीच माणसे पुन्हा येणार आणि हेच विचारणार, हे त्याच्या ध्यानात राहील.